दार कुठे लागतं

आमच्या बाई सात वर्षं तात्पुरत्याच होत्या. त्यांना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे तपासणीला येणारे साहेब त्यांचा एक तास बघून ठरवणार होते. तास होता प्रत्ययांचा.

हेडसरांनी आधीच शब्द निवडून दिले: चवदार, पाणीदार, रुबाबदार. "एवढेच. पोरींनी डोकं चालवायचं नाही." मला म्हणाले, "मावशी, तुम्ही व्हरांडा झाडा. जोरात झाडा. शाळा स्वच्छ आहे हे साहेबांना ऐकू आलं पाहिजे."

साहेब आले, खुर्चीत कसेबसे मावले. बाईंचा आवाज आधी कापला, मग लागला. "शब्दाच्या शेवटी चिकटतो तो प्रत्यय. चव आहे ते चवदार. 'दार' लागलं, की ती गोष्ट तिथे आहे असं समजायचं."

पोरींनी पाठ केलेलं एका सुरात म्हणून दाखवलं. साहेबांना डुलकी लागली. खडू पडला तशी ती मोडली, आणि आपणही काही विचारावं असं त्यांना वाटलं.

"सांगा बरं, दार कुठे लागतं आणि कुठे लागत नाही?"

मागच्या बाकावरून भिंगरी उठली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून ती भिंगरी.

"मुलींच्या संडासाला लागत नाही, सर."

"काय?"

"दोन वर्षं झाली संडास बांधून, दार बसवलंच नाही. एक जण आत, दुसरी बाहेर छत्री उघडून उभी. छत्री मावशींची. वारा सुटला की दोघींची पंचाईत."

वर्ग फिदीफिदी हसला. हेडसर ओरडले, "अगं गधडे, ते दार वेगळं!"

"वेगळं कसं, सर? तेही शेवटीच लावायचं राहिलंय."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "याला जबाबदार कोण?"

"जबाबदार! त्यातही दार आहे!" पुढची एक पोरगी टाळ्या पिटत म्हणाली.

हेडसरांनी बाईंकडे बोट केलं. "वर्ग त्यांचा, साहेब."

साहेबांनी शेरेवहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "विद्यार्थिनीचे उदाहरण चुकीचे. शिक्षिकेस चूक मान्य असल्यास कायम करण्यास हरकत नाही." मग वही बाईंपुढे सरकवली. "खाली 'मान्य' लिहा, सही करा. झालं."

बाईंनी पेन घेतलं. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. माझा झाडू कधी थांबला, मलाच कळलं नाही.

बाईंनी लिहिलं, सही केली. हेडसर वहीवर वाकून मोठ्याने वाचू लागले नि पांढरेफटक पडले. "'उदाहरण बरोबर आहे. साहेबांनी पाहून घ्यावे.'"

साहेबांनी काही पाहून घेतलं नाही. वही काखेत मारून ते थेट गाडीत बसले.

"अहो, एका शब्दाचं काम होतं!" हेडसर कळवळले. "कायम व्हायचं नव्हतं का तुम्हाला?"

"व्हायचं होतं हो, सर," बाई म्हणाल्या. त्यांनी खडू उचलला. मग फळ्याकडे वळल्या.

"भिंगरे, डोळे पूस. दुसरं उदाहरण सांग."