चार इंच रिकामे

खालच्या मजल्यावरच्या आमिनाने गळक्या छताचा तिसरा फोटो पाठवला, तेव्हा सोबत एक शब्दही नव्हता. आधीच्या दोन्ही वेळी निदान ‘सिस्टर’ तरी लिहिलं होतं. पाठोपाठ बिल्डिंगचा वॉचमन संतोष दारात. चार वाजता मालकाचा माणूस येणार, त्याच्यासमोर आमच्या माशांच्या टाकीचा पंप बंद करून दाखवायचा. थेंब जरी सांडला तर... “तो टंकी मफी, मॅडम. मेरे हाथ में कुछ नहीं.” मफी, म्हणजे टाकी राहणार नाही.

बहारीनमधल्या माहूजच्या या फ्लॅटमध्ये आमचा निहार फक्त त्या टाकीशी बोलतो. चार वर्षांचा आहे. केजीत गप्प, माझ्याशी गप्प, बाबाशीही. सकाळी काचेला नाक लावून मासे मोजतो, एक, दोन, तीन, आणि पाचाला थांबतो. मासे पाचच आहेत. टाकी गेली तर तो काय मोजेल, याच्या पुढे माझं डोकं जात नव्हतं.

नवऱ्याला, मयुरेशला, प्लांटवर फोन लावला. दोष त्याचाच, हे मी ठरवूनच टाकलं होतं. टाकीखालच्या कपाटात मावेल एवढाच सम्प त्याने आणला, दोन फुटी. सम्प म्हणजे खालची काचपेटी. टाकीतलं पाणी तिच्यात उतरून गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. लहान आणलास म्हणून हे सगळं होतंय, मी म्हटलं.

“लहान आहेच,” तो म्हणाला. “म्हणून तर निळी रेघ मारली होती. तिच्या वर भरतेस का तू?”

ती रेघ मला दुकानातली खूण वाटली होती. काच पुसताना मीच घासून काढली. एसीमुळे पाणी आटायचं, पंप घुरघुरायचा, म्हणून रोज सकाळी मी सम्प काठोकाठ भरायचे. जळगावला आमच्याकडे चार दिवसांआड पाणी. आई तांब्यासुद्धा रिकामा ठेवत नसे. वीज जाऊन पंप थांबला की वरचं इंचभर पाणी खाली येतं. चार फुटी टाकीचं इंचभर म्हणजे चौदा-पंधरा लिटर. त्याला उतरायला मी जागाच ठेवली नव्हती. तिन्ही वेळा ते सांडून आमिनाच्या छतात उतरलं.

पट्टी घेऊन बसले. चार इंच तरी रिकामे हवेत. पण तेवढे ठेवले, तर संध्याकाळपर्यंत पंप कोरडा. दोन्ही या पेटीत बसतच नव्हतं. तीन फुटी हवा, आणि तो कपाटात जाणार नाही. जिदहफ्सच्या दुकानात सांगतो, पण आज मिळायचा नाही, मयुरेश म्हणाला. मग हळूच, “मासे देऊन टाकूया का?”

मी फोन ठेवला.

चार वाजायला वीस मिनिटं. मगाने सम्पमधलं चार इंच पाणी उपसलं. घाईत निम्मं माझ्याच पायावर. आमिनाला तिच्या छताखाली उभं राहायला सांगितलं आणि पंपाचा स्विच बंद केला.

सम्पमधलं पाणी चढू लागलं. एक इंच. दोन. तीन. निहार शेजारी उकिडवा बसला होता. काठ जवळ आला तरी थांबेना. त्याने काठाखाली एक बोट आडवं धरलं. पाणी बोटापाशी येऊन थबकलं.

“एक,” तो म्हणाला. काचेकडे नाही, माझ्याकडे बघून.

फोनवर आमिना म्हणत होती, काही नाही, कोरडं आहे. मी पंप चालू केला आणि मयुरेशला लिहिलं: तीन फुटी सांग. कपाट कापू.

बेल वाजली. बादली-मग हाताशी ठेवून मी दार उघडायला गेले.