कॅप्टन किनाऱ्यावर उतरतो

नोरीनने तोंडात धरलेल्या टाचण्या हातावर घेतल्या, एक क्लाइव्हच्या काखेखालच्या शिवणीत खोचली आणि म्हणाली,

“श्वास सोड.”

“सोडलाय.”

“मग पोट आत घे.”

“घेतलंय गं बाई. हे आत घेतलेलंच आहे.”

क्लाइव्ह पर्डी तिच्या शिवणकामाच्या दुकानात स्टुलावर उभा होता. अंगात निळा, सोनेरी बटणांचा कोट. गॅनेट बे गावात हार्डवेअरचं दुकान त्याचंच. पण वर्षातून एकदा, जानेवारीच्या सव्वीस तारखेला, किनाऱ्यावरच्या खेळात तो कॅप्टन हॉब्स व्हायचा. देशभर त्या दिवशी सुट्टी असते, कारण इंग्रजांची जहाजं सिडनीला लागली तो हा दिवस. गॅनेट बेला कुणी इतकं मोठं लागलं नव्हतं. एक कॅप्टन हॉब्स पिण्याचं पाणी शोधत आला होता, म्हणे. कोणत्या दिवशी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सुट्टी असते म्हणून त्यालाही सव्वीसलाच उतरवायची पद्धत पडली होती. क्लाइव्हच्या आधी हा कोट त्याचे वडील घालायचे, त्यांच्या आधी आजोबा.

“मी बिअर सोडली, माहितीये?” क्लाइव्ह म्हणाला. “मटण-पॅटिस सोडलं. सकाळी बायकोबरोबर चालायला जातो. तरी हा कोट दरवर्षी घट्ट कसा होतो?”

“वय झालं की अंग सुटतं.”

“बुधवारच्या सभेला येशील ना? ती महापौरबाई सगळं बंद करायला निघालीये. नाव बदला, तारीख बदला. तू नुसतं उभं राहून सांग, आमची काही हरकत नाही. तुझ्या शब्दापुढे कोण बोलणार?”

“आमची म्हणजे कुणाची?”

“तुमची. म्हणजे तुम्हा इथल्या मूळच्या लोकांची.” क्लाइव्ह स्टुलावर अवघडला. “हे बघ, माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. आज म्हणतायत कोट नको. उद्या म्हणतील, तूही नकोस. मी जाऊ कुठे?”

नोरीनने पुढची टाचणी जरा जोरात खोचली. क्लाइव्ह ओरडला.

तो गेल्यावर आतल्या खोलीतून तिची धाकटी बहीण व्हायोलेट चहाचे कप घेऊन आली. कोट उचलून तिने शिवण बघितली.

“यंदा किती आत घेतलास?”

“बोटभर.”

“दरवर्षी घेतेस?”

“दरवर्षी नाही. जास्त बोलला तरच.”

दोघी हसत चहा पीत होत्या तेवढ्यात महापौर जोअ‍ॅन पिकरिंग दारात उभी राहिली. हातात लिंबाचा केक. ती तीन वर्षांपूर्वी सिडनीहून आली होती आणि निवडूनही आली होती, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं.

“मावशी, येऊ का?” सगळं गाव नोरीनला मावशीच म्हणायचं. “बुधवारी तुम्ही बोलाल ना? या दिवसाने तुम्हाला किती यातना होतात, ते तुमच्याच तोंडून आलं पाहिजे. मी बोलले तर लोक म्हणतात, ही बाहेरची.”

“बाहेरची?” व्हायोलेटने कप खाली ठेवला. “कोण म्हणतं?”

“क्लाइव्ह.”

व्हायोलेटला ठसका लागला. नोरीनने तिच्या पाठीवर थोपटलं आणि केक ठेवून घेतला.

बुधवारी समुद्रकाठच्या क्लबच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. पंखे गरगरत होते आणि गरम हवाच फिरवत होते. राष्ट्रीय सुट्टी बदलणं आपल्या हातात नाही, जोअ‍ॅनने सुरुवातीलाच सांगितलं; पण आपल्या गावच्या कार्यक्रमाला काय म्हणायचं, तो करायचा की नाही, हे आपण ठरवू शकतो. तिने फळ्यावर ‘एकोपा दिन’ लिहिलं.

“बँकेची योजना वाटते,” मागून कुणीतरी म्हणालं.

“किनारा दिन?”

“किनारा रोजच असतो.”

“कोळंबी दिन!” मासळीवाला उभा राहिला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच टाळ्या पडल्या. जोअ‍ॅनने तेही लिहून घेतलं, कारण सर्वांना सामावून घ्यायचं असं तिने ठरवलं होतं.

“नुसतं सव्वीस तारीख म्हणा की.”

“आणि तारीख बदलली तर?”

“तरी सव्वीस तारीखच म्हणायचं.”

क्लाइव्ह उठला. घसा साफ करून म्हणाला, “मीही विचार केलाय. मी काही हट्टी माणूस नाही. आगमन दिन ठेवा. विजय नाही, शोध नाही. आले, एवढंच. आता आले हे तर खरंच ना?”

मुद्दा बिनतोड वाटत होता. मग व्हायोलेटने हात वर केला.

“आणि निर्गमन दिन कधी?”

हसण्याचा असा लोट उसळला की क्लाइव्हलाही हसावं लागलं. पण खाली बसताना त्याचे कान लाल झाले होते. हसू ओसरलं तशा सगळ्या माना नोरीनकडे वळल्या. जोअ‍ॅन म्हणाली, “मावशी, तुम्ही सांगा.”

नोरीन उठली नाही. पर्स मांडीवर होती, तिची कडी उघडझाप करत ती बसल्या बसल्याच बोलली.

“माझ्या वडिलांना या खेळात घ्यायचे. तेव्हा खेळाला आमची खरीखुरी माणसं लागायची. आमच्या लोकांना ठेवलेल्या मिशनच्या वस्तीवरून ट्रकमध्ये घालून आणायचे. बाबांकडे एक चांगली पँट होती, चर्चला घालायची. तीच घालून ते आले होते. क्लबच्या मागे ती काढायला लावली आणि कमरेला कातडं बांधलं. कॅप्टनने बंदूक उडवली की पळायचं, असं शिकवलेलं. बाबा पळाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सुरूच्या झाडांखाली आईजवळ उभी होते. मलाही वाटलं, वाजवाव्यात.”

नोरीनने पर्सची कडी लावली.

“मग घरी आलो. ती पँट त्यांनी इस्त्री केली. चुरगळली नव्हती. तरी केली.”

क्लाइव्ह आपल्या बुटांकडे बघत होता. तेव्हाचा कॅप्टन कोण होता, हे हॉलमध्ये कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

“म्हणजे आपण बंद करू या,” जोअ‍ॅन हलकेच म्हणाली.

“बंद कशाला? करा नेहमीसारखं. बोट आणा, कॅप्टन आणा. बंदूक नको, कुत्री घाबरतात. आणि बाबांच्या जागी मी उभी राहीन. माझ्या कपड्यांत.”

“आणि तुम्ही काय बोलाल, मावशी? म्हणजे आधी लिहून दिलंत तर—”

“तो उतरेल तेव्हा बघू.”

क्लाइव्हने मान वर केली. ती आपल्या बाजूने बोलली की विरुद्ध, हे त्याला कळेना. जोअ‍ॅनलाही कळेना. नावाचा निकाल लागलाच नाही, त्यामुळे गावात लागलेल्या फलकांवर छापलं गेलं: ‘सव्वीस जानेवारी, सकाळी अकरा. नाव मागाहून कळवण्यात येईल.’

सव्वीसला निम्मं गाव दरवर्षी यायचं. या खेपेला सगळं आलं. ऊन मरणाचं होतं. सुरूच्या सावलीत नोरीनच्या घरचे घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते, शेजारी पत्र्यावर सॉसेजं चरचरत होती. नोरीन ओल्या वाळूच्या कडेला एकटी उभी राहिली. फुलाफुलांचा झगा, पायात चपला, हातात नेहमीची पर्स.

क्लबची जुनी बोट लाटांवरून डुलत आली. वल्हवणाऱ्या चौघा पोरांच्या डोक्यावर पांढरे टोप होते, त्यातला एक टोप वाटेत पाण्यात पडला. क्लाइव्ह पुढे उभा, एका हातात झेंड्याची काठी. पाणी गुडघ्याच्या खाली आल्यावर त्याने उडी मारली आणि कोटाचं मधलं बटण सुटून लाटेत गेलं. लोक हसले. तो सावरला, छाती काढली आणि दरवर्षीचं वाक्य सुरू केलं.

“इंग्लंडच्या राजाच्या नावाने मी ही भूमी—”

“कोण पाहिजे?” नोरीन म्हणाली.

क्लाइव्ह थांबला. त्याने मागे पोरांकडे बघितलं.

“मी... कॅप्टन हॉब्स.”

“ते ठीक आहे. काम काय होतं?”

“पाणी. प्यायचं पाणी हवं होतं.”

“पाणी देते. मग हा झेंडा कशाला?”

किनाऱ्यावर खसखस पिकली. क्लाइव्हने झेंड्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणीतरी हातात दिला होता.

“तो... तो आणायची पद्धत आहे.”

“आणि किती दिवस राहणार?”

यावर मोठा हशा व्हायला हवा होता. थोडा झालाही, आणि मग एकदम थांबला, कारण क्लाइव्ह हसत नव्हता. कपाळावरून घाम नाकावर आला.

“राहणारच आहे, नोरीन,” तो म्हणाला. त्याचा आवाज कॅप्टनचा नव्हता. “मला दुसरीकडे कुठे जागा नाही.”

“विचारलंस कुणाला?”

लाट आली, त्याच्या गुडघ्यांना लागून मागे गेली. क्लाइव्हने झेंडा वळून बोटीत आडवा ठेवला. डोक्यावरची तिकोनी टोपी काढली.

“नाही,” तो म्हणाला. “आमच्यात कुणीच नाही विचारलं.” मग विचारलं, “येऊ का वर?”

नोरीनने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिने काहीतरी ठरवून ठेवलं असणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून तसं दिसेना. ती म्हणाली,

“घरच्यांना विचारते.”

आणि ती वाळू तुडवत सुरूच्या झाडांकडे गेली.

आधी लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. मग कुजबुज सुरू झाली. झाडांखाली खुर्च्या जवळ ओढल्या गेल्या. कुणी हातवारे करत होतं, कुणी मान हलवत होतं. एक म्हातारा काका झोपला होता, त्याला उठवून पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. व्हायोलेट सॉसेजं उलटत होती.

जोअ‍ॅनने ध्वनिक्षेपक हातात घेतला. “तर... मला वाटतं, कॅप्टननी आता यायला हरकत नाही. पुढे राष्ट्रगीत आहे, नंतर केक.”

“तिने अजून सांगितलं नाही,” क्लाइव्ह पाण्यातून ओरडला.

“क्लाइव्ह, कार्यक्रम संपला!”

“तुमचा संपला असेल.”

पोरांपैकी एकाने बोटीतून उडी मारायला पाय टाकला. क्लाइव्हने त्याचा पट्टा धरून त्याला परत आत बसवलं. “थांब. विचारायला गेलीये ना ती?”

भरती चढत होती. पाणी त्याच्या मांड्यांना लागलं, कोटाचे सोगे तरंगू लागले. त्याच्या बायकोने किनाऱ्यावरून हाका मारल्या, त्याने हात हलवला. काही लोक केककडे वळले. काही वाळूतच बसले आणि झाडांकडे बघत राहिले.

झाडांखाली जेवणं सुरू झाली होती. नोरीनने ताटली हातात घेतली, पण खाल्लं नाही. इतक्या लांबूनही क्लाइव्हचं टक्कल उन्हात लालबुंद झालेलं तिला दिसत होतं. ती उठली. एका पावात सॉसेज घातलं, त्यावर परतलेला कांदा घातला, चपला काढल्या आणि झगा एका हाताने वर धरून पाण्यात उतरली.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा पाणी तिच्याही मांड्यांपर्यंत आलं होतं.

“काय म्हणतात?” क्लाइव्हने विचारलं.

“बोलणं चाललंय. व्हायोलेटचं एक मत आहे, बाकीच्यांचं एक.”

“आणि तुझं?”

तिने पाव पुढे केला. “टोपी घाल आधी. ऊन लागेल. आणि हे खा तोवर.”

क्लाइव्हने टोपी डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी पाव घेतला.

“घाई नाही,” तो म्हणाला, आणि तिथेच पाण्यात उभा राहून खाऊ लागला.