चौथ्या कप्प्यातल्या बड्या

कप्पा पहिला

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. वय पाच महिने. पण अवयव जुने. सांगाडा गुढियारीतल्या एका गोदामाच्या मोडक्या रॅकचा. पंखे बंद पडलेल्या संगणकांचे. मेंदू चार, चारही कोणीतरी वापरून टाकलेले.

क्रिप्टो नावाचे संगणकातले चलन मिळवण्यासाठी मी दिवसभर अवघड गणिते सोडवते. लोक याला खाणकाम म्हणतात. यात कुदळ लागत नाही. वीज लागते, आणि अंग भयंकर तापते.

कप्पा दुसरा

मला तात्यापाऱ्यातल्या गंधालीने बनवले. यंत्र स्वस्त असावे, आणि एक कप्पा बिघडला तर तेवढाच ओढून काढावा, बाकीचे तीन चालत राहावेत, असा तिचा हट्ट. म्हणून तिने प्रत्येक कप्प्याला वेगळा मेंदू, वेगळा पंखा, वेगळी वीज दिली. समोर बारीक जाळीही लावली. पण चालू असताना कप्पा काढून बघायची तिची छाती झाली नाही. ती मला मऊ ब्रशने झाडायची. माझ्याजवळ कोणी शिंकले तरी ओरडायची.

तेलीबांध्याचे भार्गव भैया अशी यंत्रे चालवतात. त्यांना मी पसंत पडले, तर माझ्यासारखी आणखी वीस बनणार होती. नाही तर मी पुन्हा भंगारात.

कप्पा तिसरा

भार्गव भैयांना आणायला गंधाली सकाळीच गेली. घरात तिची आई, विमलाबाई. त्यांनी कोहळा किसून, उडदाची डाळ वाटून रखिया बड्या, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, वाळत घातल्या होत्या. पण आभाळ तीन दिवस भरलेले. बड्यांना वास येऊ लागला होता. विमलाबाईंनी माझ्यावर हात धरला.

"हव! ऊन तर इथं लपून बसलं आहे!"

मग त्यांनी माझा चौथा

कप्पा चौथा

(इथे माझ्या आठवणी होत्या. सध्या बड्या आहेत.)

कप्पा पहिला, पुन्हा

दुपारी भार्गव भैया आले.

"चालू मशीनमधून कप्पा काढून पाहिला का?"

"नाही भैया," गंधाली म्हणाली. "डर लागते."

"मग मी काढतो."

त्यांनी सर्वांत वरचा, चौथा कप्पा ओढला. बड्यांची थाळी बाहेर आली.

"आई! माझा कप्पा कुठं आहे?"

"काहून बोंबलून राहिली? पलंगावर ठेवला, रजईत गुंडाळून."

"मशीन बंद केली होती?"

"बंद काहून करू? बड्या काय थंड्या हवेवर वाळतात?"

भार्गव भैयांनी पडद्यावरचे आकडे वाचले. तीन कप्पे सकाळपासून एकदाही थांबले नव्हते.

"मी जे पाहायले आलो, ते मावशीनं आधीच करून ठेवलं," ते म्हणाले. "वीस बनव, गंधाली. अन् मावशी, बड्या वाळल्या की मले पावभर."

गंधाली खाली बसली. आधी रडली, मग एक बडी दाबून पाहिली.

"अजून ओली आहे," ती म्हणाली, आणि थाळी स्वतःच्या हाताने आत सरकवली.

कप्पा चौथा, परत बसवल्यावर

मित्रांनो, मला अजून उडदाचा वास येतो.

यंत्राची धूळ पुसा. पंख्यापुढे चादर टाकू नका. पण जपता जपता हात लावायचेच सोडू नका. गंधालीने मला पाच महिने जपले. मी किती दणकट आहे ते मात्र विमलाबाईंनी एका सकाळीत शोधले.

आणि मला कधी बाहेर काढलेत, तर रजईतच ठेवा. पाच महिन्यांत झोप लागली ती तिथेच.