उत्तराआधीची ओळ

"इथे सही करा. नाव पूर्ण लिहा, आणि खाली तारीख."

म्हाताऱ्या बाईंनी पेन हातात घेतलं, पण त्यांची नजर कागदावर नव्हतीच. ती सहीताईच्या चेहऱ्यावर होती. "तुम्ही सांगा हो, करू ना?"

"मी कशी सांगणार, मावशी? डॉक्टरांनी समजावलंय ना सगळं? ऑपरेशनला तुमची संमती आहे, एवढंच लिहिलंय यात."

"ते झालंच. पण तुम्हाला काय वाटतं?"

सहीताई हसली. बाईंनी त्या हसण्यावर विसंबून सही केली.

डोळ्यांच्या इस्पितळात संमतीचे कागद भरून घेता घेता सत्तावीस वर्षं झाली होती. लोक कागद वाचत नाहीत, समोरच्याचा चेहरा वाचतात, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. म्हणून ती चेहरा कोरा ठेवायला शिकली. कधीमधी हसू निसटायचं, तेवढंच. सहीताई हे नाव तिला वॉर्डबॉयनी ठेवलं, डॉक्टरांनी उचललं, आणि खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली आणि खणातला फोन थरथरला. काय आलं असणार हे तिला न बघताच माहीत होतं. तरी तिने खण बोटभर उघडला.

*सुईदोरा: जबाबदारी माझी.*

पुढे प्रश्न नाही, मागे नमस्कार नाही. आज सलग एकोणसाठावा दिवस.

छोटी बचत करणाऱ्यांचा तो गट सहीताईनेच सुरू केला होता. अकराशे माणसं, आणि कुणाचा चेहरा कुणाला ठाऊक नाही. टोपणनावं तेवढी दिसायची: ती स्वतः इथेही 'सहीताई', कुणी 'काळा कोट', कुणी 'रात्रपाळी', कुणी 'पत्रेवाला'. कुठली ठेव बरी, कुठला विमा फसवा, कुठे किती वर्षं पैसे अडकतात, असं बोलणं चालायचं. एकदा पत्रेवाल्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून पैसे गुंतवले, बुडवले आणि गटात सगळ्यांच्या नावाने शंख केला. तेव्हा तिने आपल्या इस्पितळाची रीत गटात आणली. प्रश्न विचारण्याआधी प्रत्येकाने 'जबाबदारी माझी' असं लिहायचं. ते लिहिल्याशिवाय कुणी उत्तर द्यायचं नाही. आणि उत्तर देणाऱ्याने शेवटी लिहायचं, 'हा सल्ला नाही, निर्णय तुमचा.'

"तुझा गट म्हणजे बिनपगारी कचेरी आहे," धाकटी बहीण म्हणायची. दोघी एकत्रच राहत. "अगं, पैशाचं विचारायला येणारा माणूस घाबरलेला असतो. तू त्याच्याकडून आधी सही घेतेस!"

"सही घेतली म्हणजे माणूस विचार करतो."

"तुझ्या त्या मावश्या करतात वाटतं!"

सुईदोरा मात्र नियमाने वागणारी होती. ब्लाउज शिवणारी बाई. दुकान विकून आलेली रक्कम एका कंपनीत ठेवू का, असं तिने वर्षापूर्वी विचारलं होतं. आधी ओळ लिहिली, मग प्रश्न. आणि सहीताईने उत्तर दिलं होतं. ते उत्तर आता तिला तोंडपाठ होतं. *माझ्या ओळखीच्या दोघींना तिथून व्याज वेळेवर मिळतंय. हा सल्ला नाही, निर्णय तुमचा.* तीन महिन्यांपूर्वी त्या कंपनीच्या दाराला सील लागलं. त्यानंतर सुईदोरा गप्प झाली, आणि मग एका सकाळपासून हे सुरू झालं.

सकाळ उगवे, ओळ उगवे, ओळीमागे माणूस नसे. सहीताईने विचारून पाहिलं, 'काय विचारायचंय?' 'बऱ्या आहात ना?' 'काही चुकलं का माझं?' उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नऊ दहाला पुन्हा तेच. गटातले लोक आधी हसले, मग बिचकले. 'ताई, त्यांना काढून टाका, सकाळी सकाळी अंगावर काटा येतो,' असंही कुणी लिहिलं. तिचा हात धजेना. रोज नऊ वाजले की तिचं पेन आपोआप थांबायचं. दहा मिनिटं ती वाट बघायची, आणि ओळ आली की घाबरायची. पण एखाद्या दिवशी आली नाही तर काय, याची भीती त्याहून मोठी होती.

दुपारी डबा उघडताना 'रात्रपाळी'चा निरोप आला. ही बाई सरकारी दवाखान्यात नर्स होती.

*ताई, दोन महिने गट उघडलाच नव्हता, आज बघितला. हे काय चाललंय? सुईदोरा माझ्याच वॉर्डात होत्या. हृदयाचं दुखणं. 'मी सुईदोरा' म्हणून त्यांनीच ओळख दिली होती. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले.*

सहीताईने डब्याचं झाकण परत लावलं. खिडकीबाहेर उन्हात सगळं जागच्या जागी होतं: सायकली, पाण्याची टाकी, वाळत टाकलेल्या चादरी. सकाळी नऊ दहाची ओळ फोनमध्ये तशीच होती.

तिने नर्सकडून पत्ता घेतला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निघण्याआधी काळ्या कोटाला फोन लावला. वकिलीतून निवृत्त झालेला माणूस, गटातला शहाणा.

"ताई, जाऊ नका," तो म्हणाला. "तुमची ओळ लिहिलेली आहे, तुम्ही सुटलेल्या आहात. गेलात तर आपणहून गळ्यात लोढणं बांधून घ्याल."

"पण बाई गेलीये हो. मग लिहितंय कोण?"

"कुणी का लिहीना! आणि एक ऐका, तुमचं नाव कुठल्या कागदावर येऊ देऊ नका. उद्या ठेवीदारांनी दावे लावले, तर शिफारस करणाऱ्यांनाही ओढतील. निवृत्तीला किती राहिली?"

"दोन वर्षं."

"मग? पेन्शन हातात पडू दे की आधी. घरी जा, चहा प्या."

ती घरी गेली नाही.

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. आत ओळीने ब्लाउज टांगलेले, कुणाला एक बाही, कुणाला दोन्ही नाहीत, आणि पंखा नसताना ते हलके हलके हलत होते. मधल्या टेबलावर फोन, फोनशेजारी चष्मा, आणि खुर्चीत इस्त्रीचा सदरा घातलेला एक म्हातारा, कामावर आल्यासारखा ताठ बसलेला.

"कोण?"

"मी गटातून आलेय. सहीताई."

म्हातारा उठला. आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "अगं, आल्या बघ त्या!"

सहीताईने आतल्या दाराकडे पाहिलं. आतून काहीच आवाज आला नाही. म्हातारा खजील होऊन खुर्ची पुढे सरकवत म्हणाला, "सवय आहे. बसा, बाई."

"काका, रोज सकाळी ते तुम्ही लिहिता?"

त्याने चष्म्याखालून एक चिठ्ठी काढली. सुबक, टपोऱ्या अक्षरात दोनच शब्द होते. "दवाखान्यात जाताना ती देऊन गेली. म्हणाली, हे रोज लिहीत जा. हे लिहिल्याशिवाय तिथे कुणी उत्तर देत नाही. मी घरी आले की पुढचं विचारीन." त्याने फोनवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. "मी बॉयलरवर होतो हो, आकडे येतात. शाळा नाही झाली. एकेक अक्षर चित्रासारखं जुळवतो. आठला बसतो, नऊ दहाला होतं."

"मी विचारत होते तुम्हाला. काय पाहिजे म्हणून."

"काहीतरी यायचं खरं. वाचणार कोण? दुसऱ्याला दाखवू नका म्हणाली होती. पैसे बुडाले कळलं तर लोक हसतील."

"पण त्या गेल्यावरही तुम्ही…"

"थांबा असं ती कुठे म्हणाली?" म्हातारा म्हणाला.

सहीताईने टेबलाची कड धरली. ज्यासाठी आली होती ते विचारायलाच हवं होतं. "काका, पैसे माझ्या सांगण्यावरून ठेवले होते का?"

"तुमचं उत्तर तिने वाचून दाखवलं होतं मला. दोघींना वेळेवर मिळतंय, ते."

"त्याच्या पुढचं?"

"पुढे काय होतं?"

तिने नजर टेबलावरच्या फोनकडे वळवली.

"पुढचं तिने वाचलं नाही," म्हातारा सहज म्हणाला. "तसलं सगळीकडेच लिहिलेलं असतं म्हणाली." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं.

"पुढचं त्या काय विचारणार होत्या, माहीत आहे?"

"नाही. प्रश्न तिच्यापाशीच राहिला." तो उठला, मशीनच्या खणातून एक घडी केलेला अर्ज काढला. "याचंच काहीतरी असेल. रोज उघडून बसायची. परवा शेवटची तारीख आहे, ते मला कळतं, आकडाच आहे."

बंद कंपनीच्या ठेवीदारांचा दाव्याचा अर्ज होता. वारसाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव, पावतीचा क्रमांक, खाली सही, सगळं त्याच टपोऱ्या अक्षरात. एकच रकाना मोकळा. *ठेव कोणाच्या सांगण्यावरून ठेवली, त्या व्यक्तीचे पूर्ण नाव.* आणि तळाला बारीक छापलेलं, की एकही रकाना रिकामा राहिला तर अर्ज घेतला जाणार नाही.

"हा का सोडलाय?"

"त्यावर भांडलो होतो आम्ही. मी म्हटलं, तुझं स्वतःचंच नाव टाक. म्हणाली, खोटं लिहिणार नाही. मग म्हटलं, त्या बाईंचं टाक. तर म्हणाली, असं कसं, त्यांना न विचारता?"

सहीताईने कागद खिडकीजवळ नेला. उजेडात धरला तेव्हा दिसलं, रकान्यात पेन्सिलीचा फिका शब्द होता, नंतर सहज खोडता यावा असा हलक्या हाताने लिहिलेला.

*विचारून.*

बाहीविना ब्लाउज हलले आणि थांबले. कुणीतरी मागे उभं राहून सही होण्याची वाट बघावं, तसं तिला वाटलं. सत्तावीस वर्षं ती स्वतः अशीच उभी राहत आली होती.

काळ्या कोटाचा आवाज कानात होता. दोन वर्षं, पेन्शन, घरी जा.

"रबर आहे का हो काका?"

त्याने शिलाईच्या डब्यातून शोधून दिलं. तिने पेन्सिलीचा शब्द पुसला, कण फुंकले, आणि पर्समधलं पेन काढलं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. एवढं पूर्ण नाव तिने किती दिवसांत लिहिलं नव्हतं. मग पत्ता. मग, कुणी मागितला नव्हता तरी, फोन नंबर.

"उद्या सकाळी मी येते," ती म्हणाली. "आपण दोघं मिळून देऊन येऊ."

म्हाताऱ्याने अर्ज दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. "हे तुमचं नाव?"

"हो."

"थांबा, सांगू नका."

त्याने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ओळखीची अक्षरं तो पुटपुटत ओलांडू लागला, आणि अनोळखी अक्षर आलं की बोट तिथेच ठेवून मान वर करून तिच्याकडे बघू लागला. सहीताई खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली आणि एकेक अक्षर सांगत राहिली.