रोटाचा वाटा

प्रेमराजला कापसाच्या जिनिंगच्या फाटकातून आत येताना पाहिलं आणि झुंबरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठीमागे शेडचे मालक अभयकुमारभाऊ, आणि प्रेमराजच्या हातात कोऱ्या फडक्याने झाकलेलं ताट. चेहरा असा, जणू सणाला माहेरी न्यायला आलाय!

प्रेमराज तिचा चुलत दीर. ग्रामपंचायत त्याच्या पॅनेलने जिंकली आणि निकालाच्या दिवशीच विरोधकांची घरं पेटली, त्यात झुंबरबाईचंही. तेव्हापासून गावातून हाकललेली माणसं पाचोऱ्याच्या या बंद शेडमध्ये चादरींचे आडोसे करून राहत होती. पोलिसांपुढे प्रेमराजचं नाव घ्यायची छाती एकट्या झुंबरबाईची झाली. सारी केस तिच्या जबाबावर उभी होती, आणि हे प्रेमराजला पुरतं ठाऊक होतं.

"वयनी, कानबाईना रोट लई उनू," त्याने ताट पुढे केलं. "तुमना वाटाना गहू मोजेल व्हता."

कानबाईचा रोट म्हणजे खानदेशात पोरखेळ नव्हे. घरच्या माणसांमागे मूठमूठ गहू मोजून तो करायचा, भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा, परक्याच्या तोंडी कण जाऊ द्यायचा नाही. सोबत बसून रोट खाल्ला की भावकीतलं भांडण मिटलं असंच धरतात. आणि हा शहाणा तो उंबऱ्याबाहेर काढून एसटीत मांडीवर घेऊन आला होता! देवीचीसुद्धा लाज नाही मेल्याला.

"जबाब बदली टाका, वयनी. तुमनं घर परत बांधी देसूत."

"आनि या बठ्ठासनं?" झुंबरबाईने शेडकडे हात केला.

"त्या बाहेरना शेतस. त्यासनं कसाले डोकामा लेतस?"

अभयकुमारभाऊ मनाचे चांगले. दोन्ही वेळचं जेवण तेच पुरवत होते. पण त्यांना ही भानगड काय कळणार? "अक्का, प्रसादाला नाही म्हणू नये," ते समजुतीने म्हणाले. "कापूस यायला लागला की शेड मला मोकळी करावीच लागेल. तुमची तरी सोय होतेय."

तुमची तरी! घराची ओढ तिला नव्हती असं नाही. रोज पहाटे डोळे उघडले की वरचा पत्रा बघून तिला रडू यायचं. एक घास, की घर परत.

"घर जळी ऱ्हायंतं तवय मी तुन्हा दारशी उनू, पानी मांगं," ती म्हणाली. "तू दार लाई लिधं. तवय मी भाऊबंद नव्हतू का रे?"

"मानूसनी चूक व्हस," तो पुटपुटला.

चूक म्हणे! झुंबरबाईने ताट हिसकावून घेतलं. प्रेमराजला वाटलं, जमलं. ती मात्र सरळ पहिल्या आडोशाशी गेली. तिथे कुंदाबाई बसली होती. ना नात्याची, ना जातीची. पण त्या दिवशी मागची भिंत फोडून झुंबरबाईच्या आंधळ्या सासूला पाठीवर घालून बाहेर काढलं होतं ते हिनेच.

झुंबरबाईने रोट मोडला. "खाय."

"अक्का, हाऊ तुमना भाऊबंदसना रोट. माले पाप लागी."

"काही लागाव नही. खाय."

कुंदाबाईने घाबरत घाबरत तुकडा तोंडात टाकला.

"वयनी! काय करी ऱ्हायन्यात हाई?" प्रेमराज किंचाळला.

"भाऊबंदसले वाटा दी ऱ्हायनू," म्हणत ती पुढच्या आडोशाकडे वळली. कोणाला जात विचारली नाही, कोणाला सोडलं नाही. उरलेला तुकडा कुंदाबाईशेजारी बसून स्वतः खाल्ला. मग उठून रिकामं ताट प्रेमराजच्या हातात कोंबलं.

"जाय आते. तारीखले कोर्टमा भेटसूत."