शिक्क्याचं माप

"ओत, काठापर्यंत ओत! आता वरून सरकार बघतंय," दादा म्हणाला, आणि काउंटरपाशी बसलेले सगळे खो खो हसले.

धाकट्याने स्टीलचं नवं माप उचललं. बुडाला शिक्का, आत खुणेची रेघ. आजपासून गावातल्या प्रत्येक बारमध्ये हेच माप. अंदाजाने ओतणं बंद. तपासनीस गिऱ्हाईक बनून येतात, आणि माप कमी भरलं तर परवाना जातो, असं मालकाने सकाळीच बजावलं होतं.

धाकट्याचा हात आजवर कुणी खोटा म्हटला नव्हता. बाटली कलती केली की धार हवी तिथेच तुटायची. एका ग्लासात मात्र ती लवकर तुटायची. सख्ख्या थोरल्या भावाच्या. डॉक्टरांनी दादाचं यकृत जेमतेम उरलंय म्हणून सांगितलं, त्या दिवशी वहिनी एवढंच बोलली होती, "भाऊजी, सोडणार तर नाहीतच. तुमच्याकडेच पिऊ देत." तेव्हापासून दादाच्या ग्लासात दारू निम्मी आणि बाकी सोडा. दादाची जीभ केव्हाच मेली होती. तो चव घेत नसे, ग्लास मोजत असे. रोज चार. मग उठून ताठ चालत घरी.

"गवंड्याचं पोट आहे, सिमेंटचं!" असं तो सगळ्यांना सांगायचा.

आज मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दादाचंही माप रेघेपर्यंत भरावं लागलं. पहिल्या ग्लासालाच दादाचा घसा पोळला, त्याने ओठ पुसले. "आज हात सैल सुटला वाटतं धाकट्याचा!"

"म्हणजे इतके दिवस मापात पाप होतं म्हणा की," शेजारचा रंगारी म्हणाला. धाकटाही हसला. हसण्यावाचून काय करणार?

तिसऱ्या ग्लासानंतर दादाची मान डुलू लागली. चौथा त्याने मागितला तेव्हा धाकटा त्याला दंडाला धरून मोरीकडे घेऊन गेला.

"आज तीन बस झाले, दादा."

"माझे चार असतात."

"चार नव्हते." धाकट्याने खाली बघत सगळं सांगून टाकलं.

दादाने नळ सोडून मोकळ्या हाताने तोंडावर पाणी मारलं. "म्हणजे मी दोनच पीत होतो."

"तू जगावास म्हणून, दादा."

"आणि चारचौघांत फुशारकी मारत होतो. तू तिथे उभा राहून ऐकत होतास." त्याने दंड सोडवून घेतला. "तिलाही ठाऊक होतं?"

धाकट्याने होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून दादा रस्त्यापलीकडच्या बारमध्ये बसू लागला. शिक्क्याचं माप तिथेही होतं. तो चार ग्लास घ्यायचा, खरे चार, आणि भिंतीला धरून घरी जायचा. धाकटा एकदा त्याला आणायला गेला.

"दादा, चल. वहिनी वाट बघतेय."

दादाने मानही वळवली नाही. "इथे मला कुणी फसवत नाही."

थंडी सरण्याआधी त्याचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोट नगाऱ्यासारखं झालं. इस्पितळातून तो परत आला नाही.

त्यानंतर एका दुपारी, बार रिकामा असताना, वहिनी दारात उभी राहिली. त्या उंबऱ्याच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. ती सरळ काउंटरपाशी आली.

"भाऊजी, ते माप दाखवा."

त्याने समोर ठेवलं.

"भरून."

त्याने नळाच्या पाण्याने रेघेपर्यंत भरलं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरून आत पाहिलं.

"एवढंसंच?"

"एवढंसंच, वहिनी."

थेंबही न सांडता तिने माप खाली ठेवलं आणि ती निघून गेली. धाकट्याला ते रिकामं करवेना. संध्याकाळचं पहिलं गिऱ्हाईक आत आलं, तेव्हाही ते तिथेच होतं, भरलेलं.