खाडाखोड

“ढकलू नका रे, माफी काही संपत नाही!” हाजी कुंचोरो माइकवरून ओरडला आणि अंगणातली आमची रांग हसत पुढे सरकली.

ईदनंतरच्या संमेलनाची आमची रीत अशी, की सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं. पहिला माणूस एकेकाशी हात मिळवत टोकाला जातो आणि तिथे उभा राहतो. त्याच्या मागून दुसरा, मग तिसरा. असं करत प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या हातात एकदा तरी येतोच. तोंडाने म्हणायचं एकच, “कळत-नकळत जे झालं असेल ते माफ कर.” ज्याला एवढंही जड जातं तो पेट्रोल पंपावरच्या पोरांसारखं म्हणतो, “शून्यापासून सुरुवात हं, साहेब!” की झालं. वर्षभराची भांडणं पाच मिनिटांत धुऊन निघतात. निदान तसं समजायचं.

कॉलेज सोडून छत्तीस वर्षं झाली. भूमापनाची आमची पदविका, एकोणतीस जणांचा वर्ग, त्यातले चोवीस आज क्लातेन गावी कुंचोरोच्या घरी जमलेले. वर्गातलं हे सगळ्यात वात्रट कार्टं आता हजला जाऊन आलेलं, नातवंडांचा आजोबा झालेलं. तितिकने, म्हणजे आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपच्या हुकूमशहाने, सगळ्यांना एकसारखे जांभळे बाटिकचे शर्ट शिवायला लावले होते. अंगणात जणू वांग्यांची टोपली उपडी झाली होती.

मी मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. रांगेत माझ्यापासून नऊ माणसं पलीकडे तार्मुजी उभा होता.

तो आजवर एकाही संमेलनाला आला नव्हता. रोज्यांच्या महिन्यात तितिकने ग्रुपवर टाकलं, “मोठी बातमी! मुजी येतोय!” आणि त्या दिवशी संध्याकाळी रोजा सोडताना मी हातातला खजूर तसाच ताटलीत परत ठेवला. तेव्हा प्रथमच मी रत्मीला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तेहेतीस वर्षांच्या संसारात न सांगितलेली ती एकच गोष्ट होती.

गोष्ट तशी एका मोजणीवहीची. शेवटच्या परीक्षेसाठी आम्हांला डोंगरातल्या एका गावात तीन आठवडे पाठवलं होतं. माझी आणि मुजीची जोडी. मी दुर्बिणीतून उंचीचे आकडे वाचायचे, त्याने वहीत लिहायचे. एका दगडापासून निघून सगळ्या गावाला वळसा घालायचा आणि त्याच दगडावर परत यायचं. चढ-उतारांची बेरीज शून्य आली पाहिजे, फार तर चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे. आमची आली चौदा सेंटिमीटर.

“उद्या परत मोजू,” मुजी म्हणाला आणि दुपारच्या नमाजाला मशिदीत गेला.

उद्या शनिवार होता. शनिवारी सोलो शहरात रत्मीच्या वडिलांना भेटायचं ठरलं होतं, आणि ते वेळ न पाळणाऱ्याला मुलगी देणाऱ्यांतले नव्हते. मी वही उघडली. खोडरबर घेतलं. पाच ठिकाणचे आकडे पुसले, मुजीच्या अक्षराची नक्कल करत नवे लिहिले, खालची बेरीजही बदलली. मुजी परत आला तेव्हा त्याला सांगितलं, “अरे, बेरजेतच चूक होती. बघ, तीन मिलिमीटर.” तो वहीकडे बघत राहिला, मग म्हणाला, “बरं.”

आमच्या धंद्यात मोजणीवहीत खोडरबर लावणं म्हणजे महापाप. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे, आणि वर बरोबर आकडा लिहायचा. पहिल्या वर्षीच्या पहिल्या तासाला शिकवलेली ही गोष्ट. कॉलेजात परतल्यावर सरांनी आमची वही उजेडासमोर धरली आणि विचारलं, “हे पुसलंय कोणी?” मी जमिनीकडे बघत राहिलो. वही मुजीच्या अक्षरातली होती. त्याचं वर्ष गेलं, विद्यावेतन गेलं, पदविका मिळताच हातात पडणारी सरकारी नोकरी गेली. तो पुन्हा कॉलेजात आलाच नाही.

मला नोकरी लागली ती नेमकी वोनोगिरीला, त्याच्याच जिल्ह्यात. त्याच्या गावची मोजणी निघाली की मी दरवेळी ती दुसऱ्याच्या गळ्यात मारली. कधी पाठ धरली, कधी सासरे वारले. एकच सासरे दोनदा वारले, तेव्हा साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं होतं. मुजीशी माझा छत्तीसचा आकडा कधीच नव्हता. नुसतं तोंड लपवणं होतं.

रांग सरकत होती. आठ माणसं. पाच. एक. मुजीचा हात माझ्या हातात आला. जाड, गरम, मधल्या बोटावर भाजल्याचा डाग. केस सगळे पांढरे, डोळे तेच. मी वाक्य पाठ करून आलो होतो. “मुजी, त्या वहीत मी...” अशी त्याची सुरुवात होती. पण तोंडातून निघालं, “कळत-नकळत जे झालं असेल ते माफ कर.”

“तूही कर,” मुजी म्हणाला. मागून कुणीतरी मला ढकललं आणि माझ्या हातात तितिकचा हात आला.

टोकाला जाऊन उभा राहिलो तर रत्मी पाठीशी येऊन कुजबुजली, “बोललात?”

“बोललो.”

“काय बोललात?”

“सगळे बोलतात तेच.”

“म्हणजे नाही बोललात.” तिने शर्टाची मागची सुरकुती ओढून सरळ केली. “आणि आमच्या वडिलांना भेटायचं होतं म्हणून केलं, असलं काही सांगू नका हं त्यांना. मला मध्ये ओढायचं नाही. माझे वडील एक दिवस थांबले असते.”

थांबले असते. हे मला छत्तीस वर्षांपूर्वीही ठाऊक होतं.

जेवणं सुरू झाली. नारळाच्या पानांत उकडलेला भात, नारळाच्या दुधातली कोंबडी, आणि या वर्षी एक नवीन पदार्थ. मुजीने येताना टेम्पोत घालून बाक्सोचं, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांच्या रश्श्याचं, भलंमोठं पातेलं आणलं होतं, चोवीस कुटुंबांना पुरेल एवढं. कॉलेज सुटल्यावर तो आमच्या वोनोगिरीच्या शेकडो पोरांसारखा जकार्ताला गेला, बाक्सोची हातगाडी ओढली आणि आता त्याची तीन दुकानं होती. स्वयंपाकघरामागच्या पडवीत तो एकटाच उभा राहून वाट्या भरत होता. शेवया, खिम्याचे गोळे, वरून रस्सा, तळलेला कांदा. एका लयीत हात चालला होता. मी जाऊन शेजारी उभा राहिलो.

“मिरची जास्त?” त्याने वर न बघता विचारलं.

“मुजी, ती वही मी पुसली होती.”

डाव धरलेला त्याचा हात थांबला नाही. “मग? मिरची हवी का नको?”

“ऐकलंस का? मोजणीवही. परीक्षेची. खोडरबर मी लावलं होतं. सरांनी विचारलं तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं.”

“माहीत आहे रे.” त्याने भरलेली वाटी ट्रेमध्ये ठेवली. “मशिदीतून आलो, वही बघितली, तेव्हाच कळलं. मी सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ मारतो. तू पुसून लिहिलेल्या आकड्यांत तीन सात होते, तिन्ही बिनरेघेचे. नक्कल करायची तर नीट करावी माणसाने.”

पडवीत एक उपडी बादली होती, तिच्यावर बसलो.

“मग सरांना का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? सर, हा माझा मित्र आहे, ह्याला धरा? लाज वाटली. तुझी लाज मला वाटली.” आता त्याने डाव पातेल्याच्या कडेला टेकवला. “वाटलं, तू बोलशील. मनात तीसपर्यंत मोजलं मी. सर घड्याळाकडे बघायला लागले, तेव्हा म्हणालो, अक्षर माझंच आहे सर.”

अंगणात कुणीतरी जुनं गाणं सुरू केलं होतं आणि कुंचोरो नेहमीप्रमाणे बेसूर साथ देत होता.

“मग गावी जायला स्टँडवर गेलो,” मुजी म्हणाला. “वाटलं, सगळ्यांसमोर नाही जमलं, तर इथे येईल. दोन बस सोडल्या मी, जोनो.”

त्या दुपारी मी वसतिगृहाच्या न्हाणीघरात कडी लावून बसलो होतो. नळ उघडा ठेवला होता, आत कुणीतरी अंघोळ करतंय असं वाटावं म्हणून. हे मी रत्मीलाही सांगितलं नव्हतं. मुजीला सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं, आणि सत्तावन्न वर्षांचा माणूस बादलीवर बसून रडताना काही शोभत नाही.

“खूप राग आला असेल तुला,” मी नाक पुसत म्हणालो.

“सात वर्षं होता. आठव्या वर्षी जुळ्या मुली झाल्या. मग वेळच मिळाला नाही.” तो हसला नाही, पण त्याचा आवाज हसत होता. “मधून मधून यायचा. सरकारी गाडी दिसली की यायचा. गोळे वळताना यायचा, तेव्हा गोळे कडक व्हायचे. गिऱ्हाइकं तक्रार करायची.”

मी उठलो आणि हात पुढे केला. “मुजी, माफ कर. कळत-नकळत नाही. कळून केलेलं.”

त्याने हाताकडे बघितलं. त्याच्या दोन्ही हातांत वाट्या होत्या. त्यातली एक त्याने माझ्या पुढे केलेल्या हातात दिली. “माफ कधीच केलं होतं रे. पण मागायला कुणी आलंच नाही, तर देऊ कुणाला? खा आता. निवतंय.”

मी खाल्लं. मिरची त्याने भरपूर घातली होती. डोळ्यांतून पाणी यायला एक चांगलं कारण मिळालं. महिन्याभरात पहिल्यांदा चवीने जेवलो. दुसरी वाटीही मागितली.

“आईच्या घराची मोजणी अडकली आहे,” ती भरताना तो म्हणाला. “दोनदा तुमच्या ऑफिसातून दुसरीच पोरं आली. तिसऱ्यांदा तू ये.”

पुढच्याच बुधवारी मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा ती मोजणी मी स्वतः मागून घेतली. साहेबांनी विचारलं, “पाठ बरी आहे ना?” मी म्हणालो, “आज एकदम हलकी आहे, साहेब.”

मुजीची आई ऐंशीच्या पुढची, बांबूच्या बाकावर पाय वर घेऊन बसलेली. तिने माझ्या खाकी गणवेशाकडे बघून उकडलेली रताळी पुढे केली. “घ्या, साहेब. आमचा मुजीही तुमच्यासारखाच साहेब व्हायचा होता. गणितात कच्चा निघाला. नापास झाला बिचारा.”

मुजी फितीचं टोक धरून कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडापाशी उभा होता. त्याने मान हलवून मला खुणावलं, सोडून दे. एवढी वर्षं त्याने आईला हेच सांगितलं होतं तर. माझं नाव वाचवायला स्वतःचं गणित कच्चं करून ठेवलं होतं.

मी रताळं खाली ठेवलं. “आई, गणित त्याचं वर्गात सगळ्यांत पक्कं होतं. वही मी खराब केली होती. त्याने माझा आळ स्वतःवर घेतला. मी गप्प बसलो.”

म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे बघितलं. मुजी दगडावरचं शेवाळ पायाच्या अंगठ्याने खरवडत होता. शेजारच्या घरी कोंबड्या कलकलत होत्या.

“पक्कं होतं?” तिने विचारलं.

“पक्कं होतं, आई. मी शेजारी बसून बघायचो.”

तिने पदराने डोळे टिपले आणि ताठ बसली. छत्तीस वर्षांपूर्वीचा निकाल आजच कुणी घरी आणून दिल्यासारखी दिसत होती. “तरीच,” ती म्हणाली. “लहानपणी बाजारात माझ्याआधी याची बेरीज व्हायची.” मग रताळ्यांची ताटली पुन्हा माझ्याकडे सरकवली. या वेळी साहेब म्हणाली नाही. “खा रे. आणि आता तरी दोघं मिळून नीट लिहा.”

आता मोजायला उपग्रहाची यंत्रं आली आहेत, पण कच्चा नकाशा अजून हातानेच काढतात. मी मुजीला फळी, कागद आणि पेन दिलं, आणि फितीचं टोक त्याच्याकडून घेऊन दगडाला लावून आलो. आम्ही उत्तरेच्या कडेने सुरुवात केली. मी वाचत होतो, तो लिहीत होता. एका कोपऱ्यात ऊन फितीवर चमकलं आणि मी घाईत ओरडलो, “सत्तावीस पूर्णांक सेहेचाळीस!” वाकून पुन्हा बघितलं. “थांब, चुकलं. एकवीस. एकवीस पूर्णांक सेहेचाळीस.”

“खोडरबर आहे का?” मुजीने विचारलं.

मी चपापून वर बघितलं. तो गालातल्या गालात हसत होता.

मग त्याने फळी मांडीवर टेकवली, चुकलेल्या आकड्यावर अलगद एकच रेघ मारली आणि वर बरोबर आकडा लिहिला. मी जवळ जाऊन बघितलं. खोडलेल्या सत्तावीसमधला सात त्या रेघेखाली अजून स्वच्छ दिसत होता. मधे त्याची ती आडवी रेघही होती.

“पुढचा सांग,” मुजी म्हणाला.